पत्नीसाठी जुन्या जिप्सीची फेरबांधणी: काळी माती, मुरमाड माळ आणि चालकाच्या मापाची गाडी

माळवाट (मूळ धागा)

नमस्कार. १९९८ सालची, एमएच १३ क्रमांकाची मारुती जिप्सी किंग आम्ही सोलापुरात चासीपासून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून) नव्याने बांधत आहोत. ही गाडी माझ्या पत्नीची आहे आणि ती तिनेच चालवायची आहे. तिच्या माहेरची शेती मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आहे. तिथली देखरेख तीच करते, आणि डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचा टप्पा पाणंदीचा आहे. त्याखेरीज सांगोल्याकडचे मुरमाड माळ आणि बार्शीपलीकडचे बालाघाटाचे उतार यांवर फोर-बाय-फोर गाडी चालवण्याची तिला मनापासून आवड आहे. काम निम्म्याहून अधिक झाले असले तरी काही निर्णय व्हायचे आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

अशा फेरबांधणीची वर्णने मी आवडीने वाचत आलो आहे. त्यांतील बहुतेकांची सुरुवात मोठ्या टायरांनी आणि उंच केलेल्या पाट्यांनी (लीफ स्प्रिंगांनी) होते आणि चालकाच्या आसनाचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत केला जातो. आम्ही क्रम उलटा धरला. पत्नीची उंची पाच फूट आहे. जिप्सीच्या मूळ आसनावरून क्लच तळापर्यंत दाबायचा तर तिला आसनाच्या कडेपर्यंत पुढे सरकावे लागे, पाठ टेकत नसे आणि डाव्या बाजूचे पुढचे चाक नेमके कुठे आहे याचा अंदाज बॉनेटवरून येत नसे. खडकावरून इंचाइंचाने गाडी उतरवताना ज्याची पाठ टेकलेली नाही त्याचा पाय पेडलवर स्थिर राहत नाही. म्हणून प्रत्येक बदलाला आम्ही एकच कसोटी लावली: याने गाडी तिच्या अधिक ताब्यात येते का?

गाडी निवडतानाही हीच कसोटी होती. महिंद्राची एमएम ५४० आम्ही पाहिली होती. तिच्या प्युजो एक्सडीपी डिझेल इंजिनाची (२,११२ घनसेंटिमीटर) कमी फेऱ्यांतली ओढ मला फार आवडते, परंतु तिचे स्टिअरिंग आणि क्लच दोन्ही जड आहेत. जिप्सीत १९८५ची मूळ गाडी ९७० घनसेंटिमीटर इंजिनाची आणि अरुंद. १९९३ साली दोन्ही आसांवर चाकांमधले अंतर सुमारे ९० मिलिमीटरने वाढवले गेले आणि १९९६ साली १,२९८ घनसेंटिमीटर इंजिनाची, पाच गिअरची किंग आली. कडेच्या उतारावर तिरके जाताना ते ९० मिलिमीटर जाणवतात, त्यामुळे १९९३ पूर्वीची गाडी आम्ही विचारातच घेतली नाही.

चासी उघडी केल्यावर अपेक्षेपेक्षा बरी निघाली. सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड टिकते. कोकणात राहिलेल्या गाड्यांची जी दशा होते ती इथे क्वचित दिसते. मात्र मागच्या शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या दुव्याच्या) जागेजवळ, चौकोनी नळीसारख्या भागात, पाणी निघण्याची भोके काळ्या मातीने बुजलेली होती. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो तेव्हा सगळीकडे खणखणीत आवाज येत होता, आणि तेवढ्या वीतभर जागेत तो बद्द आला. भोके मोकळी केल्यावर आतून विटेसारखी कडक झालेली माती निघाली. तिने ओल धरून ठेवल्यामुळे पत्रा आतल्या बाजूने कागदाइतका पातळ झाला होता. तो भाग कापून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचे ठिगळ वेल्ड केले. सरळ उभ्या रेषेत वेल्ड केले असते तर चासी वाकताना सगळा ताण त्याच एका रेषेवर आला असता.

आसनाच्या पट्ट्या ६० मिलिमीटर पुढे आणल्या आणि आसन ४० मिलिमीटर उंच केले. त्याहून उंच केले असते तर बॉनेट अधिक दिसले असते, पण पाय पेडलपासून दूर गेले असते. कोणत्या उंचीवर दोन्ही साधते हे तिला बसवून, खाली लाकडी फळ्या ठेवून ठरवले. जमिनीचा पत्रा पातळ असल्याने बोल्टांखाली आतून तीन मिलिमीटरच्या रुंद पट्ट्या दिल्या आहेत. सीट बेल्टची मूळ जागा हलवलेली नाही. क्लच केबलचा असल्याने नवी केबल, रिलीज शाफ्टचे नवे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बारीक नळी) आणि पेडलच्या खिळीचे नवे बुश एवढ्यावर तो बराच हलका झाला. हे बुश एका टर्नरने करून दिले, जे एरवी यंत्रमागाचे सुटे भाग करतात. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात लेथवर हात बसलेली माणसे अजून आहेत, हे जुन्या गाडीच्या मालकाचे भाग्य आहे.

टायर मूळ मापाचेच, २०५/७० आर १५, ठेवले असून पाटेही मूळ उंचीचे आहेत. पाटे सुटे करून गंज काढला आणि टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या दिल्या, त्यामुळे ते एकमेकांवर सहज सरकतात. रेडिएटर तीन रांगांचा करून घेतला आणि पंख्याभोवतीचे आवरण, जे आधीच्या कोणीतरी काढून टाकले होते, परत बसवले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि लो गिअरमध्ये वारा लागत नाही. अशा वेळी आवरणाशिवाय पंखा नुसता जागच्या जागी गरम हवा फिरवत राहतो.

आता प्रश्न. स्टिअरिंग अजून यांत्रिक आहे. लहान मोटारीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम बसवावा असे अनेकांनी सुचवले. जाणकारांनी मत द्यावे.

जुनीजीप

माळवाट, काम मनापासून चालले आहे हे वाचताना कळते. तरी टायर आणि उंचीबाबत मी सहमत नाही. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या असतात, त्या जिप्सीच्या चाकांपेक्षा रुंद अंतरावर आणि खोल असतात. जिप्सीचा जमिनीपासूनचा कमीत कमी उठाव २१० मिलिमीटर आहे आणि तो डिफरन्शियलखाली (आसाच्या मधल्या, दोन्ही चाकांना ओढ वाटणाऱ्या गोळ्याखाली) मोजलेला आहे. दोन्ही चाकोऱ्यांमधला उंचवटा पावसाळ्यानंतर याहून उंच राहतो. तिथे गाडी पोटावर बसली की चारही चाके फिरून उपयोग नाही. २३५/७५ आर १५ टायर आणि दोन इंच उंची, एवढे तरी करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वहिनी एकट्या शेतावर जाणार असतील तर अधिकच.

माळवाट

आपला चाकोरीचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर आम्ही बराच विचार केला. हिशेब असा आहे. २०५/७० आर १५ चा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर आणि २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३ मिलिमीटर. डिफरन्शियल वर उचलला जातो तो फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर. पाटे उंच केल्याने चासी उंचावते, पण डिफरन्शियल आसावरच असतो, त्यामुळे आपण सांगता त्या उंचवट्यावर पाट्यांची उंची काहीच मदत करत नाही. त्या बदल्यात गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि पुढच्या आसाचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा कल) बदलला तर डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग भरकटू लागते.

दुसरे, व्यास जवळपास दहा टक्क्यांनी वाढला की सगळे गिअर दहा टक्क्यांनी उंच होतात. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या आसांना ओढ देणाऱ्या, हाय आणि लो अशा दोन टप्प्यांच्या पेटीचे) गुणोत्तर हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८ आहे, म्हणजे लोमध्ये टाकल्यावर गाडी फक्त १.६१ पटीने संथ होते. मुळातच तोकड्या असलेल्या या लाभातला दहावा हिस्सा टायरांना द्यायचा आणि मग उतारावर ब्रेकवर अवलंबून राहायचे, हे पटत नाही. ६० अश्वशक्तीच्या कार्ब्युरेटर इंजिनाला चढावर क्लच घसरवत न्यावे लागले, तर हलका केलेला क्लच लवकरच जळेल.

पाणंदीत पत्नी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेच्या बांधालगत ठेवून चालवते. त्यासाठी डावे चाक कुठे आहे ते दिसावे लागते, आणि आसन उंच करण्यामागे हेच कारण होते.

पाणंदवाट

मी मोहोळ तालुक्यातला शेतकरी आहे. काळ्या मातीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दगडधोंड्यांत गाडी चालवणारी मंडळी तिला ओळखत नाहीत.

ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि त्या वेळी ती खडकासारखी गाडी पेलते. पहिल्या सरीनंतर वरचा केवळ दोन बोटांचा थर ओला होतो आणि खाली कोरडी, कडक जमीन असते. ही सर्वांत फसवी अवस्था होय. टायरच्या खाचा त्या थराने भरून जातात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी खाली न रुतता आडवी घसरते. चांगला पाऊस झाल्यावर मात्र खालची जमीनच उरत नाही, आसापर्यंत गाडी बसते. पहिल्या अवस्थेत रुंद खाचांचा मड टेरेन टायर फिरताना माती फेकतो, ऑल टेरेन टायर ती धरून ठेवतो. आपण मूळ मापात कोणता नमुना घेतला आहे ते लिहावे. हवा १६ ते १८ पौंडांपर्यंत उतरवल्यास टायरचा ठसा लांब होतो आणि मंद गतीत फरक पडतो, पण डांबरावर येताच हवा पुन्हा भरली पाहिजे, नाहीतर टायरच्या कडा तापून फाटतात.

आणखी एक. चिखलातून निघून डांबरावर आलात आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले, तर आधी चाकांच्या आतल्या बाजूला हात घालून पाहा. रिमच्या आत मातीचे पोळे एका बाजूला वाळून बसते आणि चाकाचा तोल जातो. आमच्याकडे एका पाहुण्यांनी याच थरथरीवर सगळे बॉल जॉइंट बदलले होते. रिम धुतल्यावर गाडी सरळ चालू लागली.

एक विनंतीही आहे. पाणंद ओली असताना तिच्यातून हौसेसाठी गाडी घालू नये. ताई शेतीच्या कामाला जाणार असतील तर तो त्यांचा हक्क आहे, पण ओल्या पाणंदीत एका फोर-बाय-फोरने पाडलेली चाकोरी उन्हात तशीच वाळते आणि पुढे हंगामभर बैलगाड्या आणि दुचाक्या तिच्यात अडखळतात.

लेथकारागीर

माळवाट यांनी बुशांचा उल्लेख केला म्हणून लिहितो. बुश ठोकून बसवल्यावर त्याचे भोक आकसते. लेथवर बरोबर मापाने केलेले बुश जागेवर गेल्यावर शाफ्टवर घट्ट होते आणि मग गॅरेजवाले शाफ्टच घासतात; तसे करू नये. बुश बसवल्यानंतर रीमरने भोक मापाला आणावे. ग्रीस टिकण्यासाठी आत एक आडवी खाच ठेवून घ्यावी.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. पॉवर स्टिअरिंगचा विचार करण्याआधी पुढच्या आसाच्या किंगपिन बेअरिंगांची स्थिती पाहिली का? जिप्सीचा पुढचा नकल (किंगपिनवर वळणारा चाकाचा सांधा) बंद गोळ्याचा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बेअरिंगांवर किती दाब आहे, हे झाकणाखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) ठरवतात. टाय रॉड सोडवून, नकलच्या हाताला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून ओढायचे आणि नकल हलायला किती ओढ लागते ते काट्यावर वाचायचे, ही पद्धत आहे. शिम जास्त असतील तर दाब कमी पडून चाक थरथरते. कमी असतील तर स्टिअरिंग दगडासारखे जड होते. अनेक गॅरेजांत थरथर थांबवण्यासाठी शिम काढून टाकतात आणि मग मालक पॉवर स्टिअरिंग शोधत फिरतो. तिथेच असणारी फेल्टची आणि रबराची सीलही बदला, कारण धूळ आत जाऊन बेअरिंग खाते आणि ग्रीस बाहेर येऊन टायरवर पसरते.

पाटे बसवताना यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट पुन्हा वापरला की तो सैल होतो. नवेही थोडे चालवल्यावर परत आवळावे लागतात.

कागदपत्र

तांत्रिक चर्चा उत्तम आहे, पण कागदांची बाजू कोणी मांडलेली दिसत नाही. १५ वर्षांनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणीचे नूतनीकरण होते आणि ते एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचे असते. त्यासाठी गाडी प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. आपली गाडी १९९८ची असल्याने ती या दुसऱ्या गटात येते.

बदलांबाबत कलम ५२ महत्त्वाचे आहे. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढचे लोखंडी गार्ड केंद्राने डिसेंबर २०१७ पासूनच निषिद्ध ठरवलेले आहेत. त्यामुळे माळवाट यांनी टायर आणि उंची मूळ ठेवली, हे केवळ चालवण्याच्या दृष्टीनेच नव्हे तर तपासणीच्या दृष्टीनेही योग्य झाले. इंजिन बदलण्याचा विचार असेल तर आधी परवानगी आणि नंतर नोंदणी पुस्तकात नोंद लागेल. दुसऱ्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम बसवण्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक सर्वांत आधी ब्रेक आणि स्टिअरिंगच पाहतो.

तणमोर

पाणंदवाट यांच्या विनंतीला मी माळाची बाजू जोडू इच्छिते. सोलापूर जिल्ह्यातला माळ रिकामा नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय प्रवेशच नाही, मग गाडी घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या गवताळ माळांवरही काळवीट, लांडगा, खोकड राहतात, आणि टिटवी, धाविक, चंडोल यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. टिटवीची अंडी खड्यांमध्ये इतकी मिसळून जातात की चालत जाणाऱ्यालाही ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. गाडीतून दिसणे अशक्यच. त्यामुळे उन्हाळा आणि पावसाळा या दोन्ही काळांत माळावर नव्या वाटा पाडू नयेत, अशी कळकळीची विनंती आहे. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीनही सपाट आणि मोहक दिसते, पण पाणपक्ष्यांचे खाद्य तिथेच असते.

चालवण्याची हौस भागवायला मालकाच्या परवानगीने बंद पडलेल्या मुरमाच्या खाणी उत्तम आहेत. चढ, उतार, आडवे तिरके, दगड, सगळे तिथे मिळते आणि कोणाचे घरटे मोडत नाही.

मालदांडी

नमस्कार. ज्या गाडीबद्दल हा धागा आहे ती मी चालवते, म्हणून काही उत्तरे मीच देते.

तणमोर, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. सरावासाठी आम्ही सांगोला रस्त्याकडची एक बंद खाण मालकांना विचारून ठरवली आहे आणि माळावर जुनी बैलगाडीची वाट सोडून मी जात नाही.

स्टिअरिंगचा निर्णय झाला आहे. लेथकारागीर यांचा प्रतिसाद वाचून माझ्या यजमानांनी पुढचा आस पुन्हा उघडला. डाव्या नकलमध्ये वर एकही शिम नव्हती आणि उजव्यात होत्या. बेअरिंगे, सील आणि शिम नव्याने बसवून दोन्ही बाजूंची ओढ काट्यावर सारखी आणली. आता उभ्या गाडीत स्टिअरिंग जड आहेच, पण चाक जरा फिरू लागले की ते हलके होते, आणि दगड चाकाला कोणत्या बाजूने लागला हे मला हाताला कळते. खडकावर हेच कळणे मला हवे आहे. अंगठे स्टिअरिंगच्या आत न अडकवता कडेवर ठेवायचे एवढी काळजी घ्यावी लागते, कारण यांत्रिक स्टिअरिंग दगडावर उलट फटका देते. इलेक्ट्रिक कॉलम बसवायचा नाही.

पाणंदवाट दादा, टायर मड टेरेन नमुन्याचे आहेत. डांबरावर आवाज करतात, ते मी सहन करते.

जड कामांबद्दल कोणी लिहिले नाही, पण एकट्या चालकासाठी तो अर्धा विषय आहे. मागच्या दारावरचे जादा चाक मी उचलून उतरवत नाही. दारापासून जमिनीपर्यंत फळी तिरकी लावून तिच्यावरून ते सरकवते. बसवताना चाक बोल्टांसमोर उभे करून खाली पहार घालायची आणि पहारेवर पाय देऊन चाक हवे तेवढे वर आणायचे. नट सोडायला लांब दांड्याचा पाना घेतला आहे, ज्यावर मला अंगाचा भार टाकता येतो. जॅक बाटलीचा, आणि तो आसाखाली लावायचा. चासीखाली लावला तर पाटे खाली लोंबतात आणि जॅक कितीही वर गेला तरी चाक जमिनीवरच राहते. काळ्या मातीत जॅकखाली जाड फळी हवीच. उंच दांड्याचा शेतजॅक अनेकांनी सुचवला होता. त्याचा दांडा सुटला तर जबडा मोडू शकतो आणि त्याला आवरण्याइतके माझे वजन नाही, म्हणून तो मी घेतला नाही.

पुढच्या चाकांचे फ्री-व्हील हब (चाक आसाला जोडणारी वा सोडणारी कुलपे) मी डांबर सोडण्याआधीच लॉक करते, कारण रुतल्यावर गुडघाभर चिखलात उतरून ते फिरवणे नको असते. हब लॉक असले तरी ट्रान्सफर केसचा दांडा टू-व्हीलमध्ये असेपर्यंत डांबरावर काही बिघडत नाही. फोर-व्हीलमध्ये टाकून डांबरावर वळण घेणे मात्र टाळते. मधला डिफरन्शियल नसल्याने पुढच्या आणि मागच्या आसांत पीळ बसतो. तो दांडा मला दूर पडत होता, त्याला यांनी माझ्याकडे झुकणारा तुकडा जोडून दिला आहे.

जुनीजीप

वहिनी, फारच उत्तम लिहिले आहे. टायरांचा हिशेब मी मान्य करतो. बाहेर ओढण्याची काय व्यवस्था केली आहे? आणि एखाद्या आसाला डिफरन्शियल लॉकर (आसाची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) का बसवला नाही?

माळवाट

ओढण्यासाठी पुढे आणि मागे चासीवरच हुक बसवले आहेत, १०.९ दर्जाच्या बोल्टांनी आणि आतून जाड पट्टी देऊन. बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा अडकवायचा नाही हे ठरलेले आहे; गोळा तुटून उडाला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. ताणला जाणारा पट्टा, दोन शॅकल आणि पट्ट्यावर टाकायला जुनी सोलापुरी चादर, एवढे गाडीत कायम असते. जाड चादरीचे वजन तुटलेल्या पट्ट्याचा हिसका खाली दाबते. पुढे बसवायचे विंच (दोर गुंडाळत गाडी ओढणारे यंत्र) घेतले नाही, कारण पुढच्या मूळ पाट्यांवर तेवढे वजन कायम ठेवायचे नव्हते. त्याऐवजी हाताचे विंच आहे.

लॉकर नंतर पाहू. पाटे मोकळे केल्यापासून चाके पूर्वीपेक्षा अधिक वेळ जमिनीवर टेकून राहतात आणि बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. एक चाक हवेत गेले तर पत्नी डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उजव्याने इंधन देते, म्हणजे मोकळे फिरणारे चाक अडते आणि दुसऱ्याला ओढ मिळते. मागे ड्रम ब्रेक असल्याने ते नीट समायोजित असतील तरच हे जमते.

पाणंदवाट

कार्ब्युरेटर इंजिन आहे आणि मे महिन्यात शेतावर जाणार आहात, तर पेट्रोलची वाफ होऊन पंप अडण्याची तयारी ठेवली आहे का? आमच्याकडे जुन्या गाड्या दुपारी चहाला थांबल्या की परत सुरू होत नाहीत. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे काय?

माळवाट

दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची वाफ लवकर होते आणि वाफ धरण्याचा त्रास वाढतो, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी १९९८ सालचे रबर बनवलेलेच नव्हते. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घेतल्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गास्केट संच बदलले. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात होती, तिला दूर वळवून वर उष्णतारोधक बाही चढवली. टाकीकडे परत जाणारी नळी चोंदलेली होती, ती मोकळी केली. ती वाहती असेल तर गरम पेट्रोल पंपाजवळ साचत नाही आणि थंड पेट्रोल येत राहते. कार्ब्युरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड ठोकळा आधीच्या कोणीतरी काढला होता, तोही परत आला. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो, कारण रिकाम्या टाकीतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेते आणि टाकी तळाशी गंजते.

राहिलेले काम ओढ्यांचे आहे. आस गरम असताना थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्या-येण्याच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत खेचले जाते. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर तेच झालेले असते. दोन्ही आस, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरना लांब नळ्या जोडून त्या इंजिनच्या वरच्या भागात आणायच्या आहेत. आसावर जाणाऱ्या ब्रेकच्या नळीची लांबी, पाटे पूर्ण खाली लोंबल्यावर ती ताणली जात नाही ना, हे त्याच वेळी गाडी उचलून तपासणार आहे. त्यानंतर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीला नेऊ.